तांडेलाचा चौकोन

रवि., ८ मार्च १९८७
पालघरचा व्यवस्थापनाचा वर्ग. सरांनी आज फळ्यावर चौकोन काढले. वर एक, त्याखाली दोन-तीन, त्याखाली बरेच. याला संघटन-तक्ता म्हणायचं. हुकूम कोणाचा नि ऐकायचं कोणी, ते एका नजरेत दिसलं पाहिजे. पदविकेसाठी प्रत्येकाने ओळखीच्या एका धंद्याचा अहवाल लिहायचा, त्यात हा तक्ता हवाच. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतली पोरं लगेच लिहायला लागली. कोणाची रंगाची कंपनी, कोणाची औषधाची. बाकावर शेजारी बसणारा तिवारी म्हणाला, "मावशी, आप तो अपनी बर्फ की फैक्टरी पे लिखो."
मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात मी बर्फ-डिझेलचं बघते ते त्याला ठाऊक. पण सोसायटीवर मागच्या वर्षी लिहून झालंय. मी म्हटलं, घरच्या बोटीवर लिहीन. सर खूश. "अस्सल धंदा आहे बाई. लिहा."
घरी आल्यावर चौकोन काढला. बोटीवर हुकूम तांडेलाचा, म्हणून वरच्यात लिहिलं, तांडेल: दामोदर. हात आपोआप चालला.
दामू माझा पाठचा भाऊ. कार्तिकात भर समुद्रात छोटी होडी घेऊन शेजारच्या बोटीला दोर द्यायला गेला. होडी मिळाली. दामू नाही मिळाला.
नाव खोडलं नाही.

रवि., १५ मार्च
होळी. वर्गाला दांडी. पारूने, दामूच्या बायकोने, नवा हिरवा चुडा भरला. होळीला नैवेद्य दाखवायला सगळ्यांच्या पुढे गेली. बायका बघत होत्या. बघोत. आमच्यात अंग हाती लागल्याशिवाय बाईचं कुंकू पुसत नाहीत, आणि पुसायला सांगायला कोणाची जीभ उचलायची?
घरी पहिलं ताट दामूचं वाढलं गेलं. ते पारू मग आपण खाते. थंड झालेलं.

शनि., २८ मार्च
वर्गात मागच्या बाकावर कोणीतरी खाकरलं. दामू बोलायच्या आधी असाच खाकरायचा, दोनदा, दुसऱ्यांदा जरा जोरात. मान वळवली नाही. वळवली असती तर कोणीतरी दुसरंच दिसलं असतं.
एसटीतून सातपाटीला उतरले तेव्हा पिशवी डाव्या हातात घेतली. सवय. दामू स्टँडवर उभा असायचा. "द्या साहेबीणबाई, पिशवी द्या." मी विधवा होऊन माहेरी आले तेव्हा हा पोरसवदा होता. मॅट्रिक, बी.ए., सगळ्याला बाहेरून बसले ते याच्या टुमण्याने. या पदविकेचा अर्जही यानेच आणला. "आक्का, सोसायटीची मॅनेजर हो. मग आमाला बर्फ पयला." पिकल्या केसांना वेणी घालायची हौस त्यालाच होती.
पिशवी घरापर्यंत डाव्या हातातच राहिली.

रवि., १२ एप्रिल
आजचा धडा: एका माणसाला एकच साहेब. दोन साहेब झाले की हाताखालचा बावचळतो. सर म्हणाले, "आणि साहेबच नसला तर?" मग आपणच हसले, "तर सगळेच साहेब."
बोटीचं काय लिहू? सुकाण रघू धरतो. धाकटा भाऊ. धरतो म्हणजे बाजूला उभा राहून, हात लांब करून. तांडेलाच्या फळीवर बसत नाही. तिथे दामूची घोंगडी घडी घालून ठेवलेली असते. पहिला सरंगा जाळ्यातून निघाला की रघू वेगळा काढतो, किनाऱ्याला लागल्यावर पारूच्या टोपलीत ठेवतो. "दादाचा." पारू तो विकत नाही.

शनि., १८ एप्रिल
वर्ग नाही, हॉस्पिटल. बोटीवर काल वारा अचानक फिरला. जाळं ओढावं की सोडावं, कोणी सांगेना. दोघे ओढत राहिले, दोघांनी सोडलं. जान्या खलाशाची दोन बोटं दोरात सापडली. डॉक्टर म्हणतात, एक वाचेल.
रघूला बाहेर व्हरांड्यात विचारलं, हुकूम का नाही दिलास?
खाली बघून म्हणाला, "आक्का, दादा तिथं बसलाय ना. त्याच्यापुढं मी कसा आरडू?"
"बसलाय?"
"तुला काय सांगू. घोंगडी गरम लागते."
मलाही खाकरणं ऐकू येतं, हे त्याला सांगितलं नाही. मोठ्या बहिणीने तरी जमिनीवर पाय ठेवावा.

रवि., १० मे
अहवालाचा कच्चा मसुदा परत आला. सरांचा शेरा लाल शाईत: 'उत्तम निरीक्षण. मुख्य व्यक्तीची, म्हणजे तांडेल दामोदर यांची मुलाखत जोडा. त्याशिवाय अपुरा.'
वर्ग सुटल्यावर म्हणाले, "कधी भेटतील ते?"
तोंडातून निघून गेलं, "समुद्रावर आहेत."
खोटं बोलले का मी? घरात आम्ही हेच म्हणतो. पोस्टमनला, नवीन माणसाला, आपल्या आपल्यातसुद्धा. दुसरं वाक्य घरात अजून कोणी बोललंच नाही.
सर म्हणाले, "बरं. पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागतील ना? तेव्हा मीच येतो सातपाटीला. मासेसुद्धा खाईन."
आता काय करू.

शनि., २३ मे
तिवारीला सांगितलं. कोणाला तरी सांगायचं होतं, आणि परक्याला सांगणं सोपं. डबा खाता खाता ऐकून घेतलं त्याने. घास तसाच हातात. मग म्हणाला, "हमारे यहाँ तो मावशी, आदमी बहुत दिन नहीं आया तो मस्टर से नाम कट जाता है."
"आणि नंतर आला तर?"
"तो गेट पर खड़ा रहता है. वॉचमन अंदर नहीं छोड़ता."
बिचाऱ्याने साधं सांगितलं. पण एसटीत बसल्यापासून मला दामू दिसतोय. आमच्या दाराबाहेर, ओल्या अंगाने. आत या म्हणायला कोणी नाही. तोही हाक मारत नाही, कारण नाव काढलंय हे त्याला कळलंय.

रवि., ७ जून
बोटी वर ओढल्या. आमची सगळ्यांत शेवटी. ओढताना "होऽऽ" म्हणायचा मान तांडेलाचा. कोणीच म्हणेना, मग जान्या म्हणाला, बांधलेल्या हाताने. त्याचा आवाज फुटला. रघू समुद्राकडे तोंड करून उभा होता.

रवि., २१ जून
सर आले. छत्री, रबरी बूट, हातात पेढ्यांचा पुडा. मी स्टँडवरच सगळं सांगून टाकणार होते. पण पारू माझ्याही आधी येऊन उभी! "या सर, या. आक्का तुमचं नाव काढतात."
ओट्यावर चटई. पारूने चहा आणला. सर, मी, रघू, ती. आणि एक कप जास्त. तो तिने भिंतीशी, दामूच्या जागी ठेवला.
सरांनी वही काढली. "तांडेल कुठे आहेत?"
पारू म्हणाली, "येतील."
"लांब गेलेत का?"
"हां. लांब."
पाऊस पागोळ्यांतून पडत होता. सर घोटघोट चहा पीत वाट बघत राहिले. मी रघूकडे बघितलं, रघूने भिंतीकडे. सरांची नजर त्या कपावर गेली. वरची साय सुरकुतली होती. मग पारूच्या कपाळावर. मग भिंतीवर टांगलेल्या दामूच्या सदऱ्यावर, धुऊन, इस्त्री करून टांगलेल्या.
वही मिटली त्यांनी. अगदी हळू. म्हणाले, "वहिनी, सरंगा फार छान असतो म्हणतात तुमच्याकडे."
"आता सुका हाय सर. बोटी सुरू झाल्यावर या, ताजा घालीन."
जेवले बिचारे. सुक्या माशाचं कालवण दोनदा मागून घेतलं.
स्टँडपर्यंत सोडायला गेले. वाटेत सर म्हणाले, "बाई, तुम्ही मला सांगायला हवं होतं."
म्हटलं, "सर, आम्ही आमच्यातच अजून सांगितलेलं नाही."
छत्री माझ्या डोक्यावर धरली त्यांनी, आपण भिजले. "नाव काढा असं मी म्हणणार नाही. तो माझा अधिकार नाही. पण त्या खलाशाच्या हाताचं तुम्हीच अहवालात लिहिलंय. वारा फिरला तर आज हुकूम कोण देणार, एवढंच खरं लिहा. तोंडी परीक्षेला बाहेरचे लोक हेच विचारतील. आणि ते नाही विचारलं तरी समुद्र विचारणार."
एसटी लागली. सरांचं बरोबर आहे. म्हणून तर घशाखाली उतरत नाही.

शनि., ११ जुलै
जान्या ऑफिसात आला. दोन बोटांच्या जागी एक नि एक थोटूक. उभ्याउभ्याच बोलला. "आक्का, राग मानू नका. आमी चौघांनी ठरवलाय. नारळी पुनवेपर्यंत तांडेल सांगा. नायतर दुसऱ्या बोटीवर जातो."
"रघू आहे की."
"रघूशेट सुकाण धरतो. तांडेल नाय तो. आमाला पण पोरंबाळं हायत. दामूदादा आमचापण होता, पण मेल्याच्या..." इथे थांबला. जीभ चावली. कान धरले स्वतःचे.
पहिल्यांदा कोणीतरी तो शब्द उच्चारला. आभाळ काही कोसळलं नाही. पण पंख्याखालचे कागद उडायचे थांबले असं वाटलं. वीज गेली होती, एवढंच.

रवि., २६ जुलै
पारूशी बोलले. दुपारी, ती जाळं विणत होती. मी पण सुई घेतली, हात गुंतलेले असले की तोंड मोकळं होतं. जान्याचं सांगितलं. सरांचं सांगितलं. तक्त्यातला चौकोन दाखवला.
बराच वेळ गाठी मारत राहिली. मग: "काढलात तर मंग मी काय पुसायचा?"
म्हटलं, तक्त्याचा नि कुंकवाचा काय संबंध? रघू तांडेल झाला तरी तू...
"आक्का, तुमी शिकलेल्या. तुमाला दोन गोष्टी येगळ्या येगळ्या ठेवता येतात. मी कुंकू लावते म्हणून ते हायत. फळी रिकामी हाय म्हणून ते हायत. ताट वाढते म्हणून हायत. यातला एक धागा ओढलात का सगळा जाळा उसवला."
"आणि रघू गेला तर? उद्या वारा फिरला नि..."
सुई थांबली तिची. माझ्याकडे बघितलं नाही. "हेच मी रोज पहाटेचा त्यांना विचारते. सांगत नायत काय."
मी तिला जवळ घेतलं. आमच्या दोघींत भिंतीशी जरा जागा सुटली होती. ती कोणी भरली नाही, सरकून बसलं नाही कोणी.

शनि., १ ऑगस्ट
अहवाल पक्का लिहिला. बाजार, बर्फ, जाळी, दलाल, सगळं स्वच्छ. तक्ता तेवढा राहिला. तीन वेळा काढला. एकदा रघूचं नाव लिहिलं, कागद बघवेना. एकदा चौकोन कोरा ठेवला. तो डोळा उघडा ठेवल्यासारखा दिसायला लागला. एकदा दामूचं लिहिलं, आणि जान्याचा हात आठवला.
दोघांची नावं लिहावी म्हटलं, तर एका माणसाला एकच साहेब. आई गं, कुठून या शिक्षणाच्या वाटेला गेले! आणि गेले कोणाच्या नादाने!

रवि., ९ ऑगस्ट
नारळी पौर्णिमा. वर्ग नाही. बोटी रंगवून, पताका लावून तयार. आमचीही. नारळ तांडेलाने द्यायचा. रघूने ताट धरलं, पाण्यापर्यंत गेला, थांबला. मागे वळून पारूकडे बघितलं. पारू पुढे झाली, ताट त्याच्या हातातून घेतलं नि स्वतः गुडघाभर पाण्यात शिरून नारळ सोडला. म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावून. जान्याने हात जोडले, कोणाला ते कळलं नाही.
परवा बोटी निघणार. मोसमात पहिल्यांदा निघताना घरची बाई किनाऱ्यावरून हाक देते: "तांडेल हाय का?" बोटीवरून "हाय!" आलं की मगच नांगर उचलायचा. ओ आली नाही तर बोट निघत नाही, हा आजोबांपासूनचा रिवाज.
रात्री जेवताना रघू माझ्या कानाशी: "आक्का, वयनी हाक देणार. ओ मी द्यायची का?"
"ती काय म्हणते?"
"इचारला. म्हणाली, ज्याला येईल त्याने द्यायची."
"मग?"
"मंग मी नाय दिली, नि... नि आली तर?"
त्याच्या अंगावर काटा उभा राहिलेला मला दिसला. माझ्याही. लहान पोरासारखं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. चाळिशीला टेकलाय.

मंगळ., ११ ऑगस्ट
ऑफिसात सकाळीच येऊन बसले. खिडकीतून खाडी दिसते. अहवाल पालघरला द्यायचा आजचा शेवटचा दिवस. तक्ता पुढ्यात, वरचा चौकोन कोरा. ठरवलंय, बोटीवरून जे येईल ते लिहायचं. सर, यापेक्षा खरं मला लिहिता येणार नाही.
शेजारच्या तिन्ही बोटी गेल्या. आमचं इंजिन चालू आहे. चौघेही खलाशी वर आहेत, जान्यासुद्धा. म्हणजे त्यांनी वाट बघायचं ठरवलंय. रघू सुकाणाजवळ, नेहमीसारखा बाजूला. फळीवर घोंगडी.
पारू चिखल तुडवत पाण्यापर्यंत गेली. हिरवी साडी. पदर खोचला. आज तिच्याकडे बघून कोणी कुजबुजत नाही.
तोंडाला दोन्ही हात लावले तिने. हाक दिली. ऑफिसात इथपर्यंत आली.
जान्याने इंजिन बंद केलं, ओ नीट ऐकू यावी म्हणून.
सगळे रघूकडे बघतायत. रघू फळीकडे. त्याने तोंड उघडलंय, पण—