आक्का, माझं वय लिहून पाठव

मुक्काम तेलगाव
कार्तिक वद्य पंचमी, शके १८६०

तीर्थस्वरूप गंगाभागीरथी मंजुळाआक्का हिच्या पायांवर धाकटा भाऊ शहादेव याचं डोकं.

इकडे मी बरा आहे. उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि डावा उतरताना, म्हणजे दोघांनी काम वाटून घेतलंय. तुझा दमा कसा आहे? म्हैस व्याली का? हे पत्र पंडित गुरुजीच वाचून दाखवत असतील, तेव्हा गुरुजी, तुम्हालाही नमस्कार. कंसातला मजकूर तुमच्यासाठी आहे, तो आक्कापुढं मोठ्यानं वाचू नका. (तिचा दमा खरा कसा आहे ते तुम्ही कळवा. तिला विचारलं तर ती बरंच आहे म्हणणार.)

पत्रास कारण की गेल्या आठवड्यात आमच्या सरकीच्या कारखान्यात माझा सत्कार झाला. मांडव, ताशे, नारळ, सगळं. धाकट्या शेठनं माझं चरित्र वाचून दाखवलं. ते मुनीमजींनी लिहिलं होतं आणि इतकं सुंदर होतं की हा माणूस आपल्याला भेटायला हवा असं मला वाटायला लागलं. त्यात लिहिलं होतं, ‘वयाच्या अठराव्या वर्षी समुद्राच्या ओढीनं यांनी घर सोडलं.’ आक्का, मी कशाच्या ओढीनं घर सोडलं ते तुला माहीत आहे. शिरूरला कासाराच्या भट्टीवर मी भाता ओढायला होतो. लग्नसराईची घाई होती, मी जोर लावून भाता ओढला आणि तेरा तांब्यांचा मिळून एक गोळा झाला. कासार आपल्या दारात येऊन बसला. दादा काठी शोधत होते. तू दिवाळीला माहेरी आली होतीस. तूच मला परसदारानं बाहेर काढलंस, पाच भाकरी आणि जवसाची चटणी फडक्यात बांधून दिलीस आणि म्हणालीस, “पळ बे शहाद्या. दादाचा राग गेला की ये.” (गुरुजी, दादा म्हणजे आमचे वडील. राग जायला किती दिवस लागतील ते तिनं सांगितलं नाही, आणि मी पंचवीस वर्षं लावली.)

नगरपर्यंत पायी आणि पुढं आगगाडीनं मुंबईला पोचलो. गोदीत आरमाराच्या आगबोटींसाठी माणसं भरत होते. ओळीत माझ्यापुढं तगडे तगडे कोकणी गडी होते, जन्मापासून पाण्यात वाढलेले. पण जमादार पठाण होता आणि त्याची बोली त्यांना कळेना. त्यानं मला विचारलं, “आग का काम किया है?” आपल्याकडं निजामाच्या राज्यात कचेरीपासून बाजारापर्यंत हीच बोली, मी म्हणालो, “बहुत किया, हुजूर.” गोळ्याचं सांगितलं नाही. अठराच्या वरचे नको होते, म्हणून वीस वर्षांचा मी अठराचा झालो, आणि ज्यानं सिंदफणेच्या गुडघाभर पाण्यापलीकडं पाणी पाहिलं नव्हतं, त्याला बॉयलरमध्ये कोळसा टाकायला घेतलं.

पहिल्या दिवशी समुद्र बघितला तेव्हा मला तुझी आठवण आली. तू उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झरा उकरून वाटीवाटीनं घागर भरायचीस. वाटलं, आक्काला इथं आणावं, म्हणावं घे, बुडव घागर. मग ओंजळभर पिऊन बघितलं आणि लगेच थुंकलं. तिथून पुढं सहा दिवस मी जे खाल्लं ते समुद्राला दिलं. सातव्या दिवशी मोठा इंजिनीयर, एक म्हातारा स्कॉच साहेब, मला खाली घेऊन गेला. त्यानं लाकडी काठीचं एक टोक चालत्या इंजिनावर टेकवलं आणि दुसरं माझ्या कानाला लावलं. आक्का, आतमध्ये दहा-बारा माणसं एका तालात जातं ओढत असल्यासारखा आवाज होता. त्या दिवसापासून मला बोट लागली नाही. कुठला भाग झिजला, कुठं तेल कमी, ते मी काठीवरून सांगायला लागलो. पंधरा वर्षांत खलाशी मंडळी मला ‘वैद्य’ म्हणायला लागली.

जर्मनीच्या लढाईत बसऱ्याच्या नदीत आमची बोट होती. दादा गेल्याचं पत्र मला तिथं तीन महिन्यांनी मिळालं. तू कुणाकडून तरी लिहून घेतलं होतंस की शेवटी त्यांनी विचारलं, शहाद्या कुठं हाय. आणि तू सांगितलंस, वाटेवर हाय. त्या दिवशी इंजिनावर माझी पाळी होती, ती मी केली. रडायला वेळ संध्याकाळी मिळाला, तेव्हा रडू आलं नाही. ते पुढं शिरूरला आल्यावर, आपल्या दारात, तू पाठीत बुक्की मारलीस तेव्हा आलं.

असो. सत्काराकडं येतो. मोठ्या शेठनं मला ठेवलं तेव्हा त्यांना पन्नाशीचा पोक्त इंजिनीयर हवा होता, म्हणून पंचेचाळिसाचा मी पन्नासचा झालो. आज तीन कारखान्यांची यंत्रं माझ्या हाताखाली आहेत आणि लोक मला ‘बडे साहेब’ म्हणतात. पण आमच्याकडं पासष्टीला घरी जायचा कायदा आहे. कारखान्याच्या दप्तराप्रमाणं माझी ती दोन वर्षांपूर्वीच झाली आणि आरमाराच्या दाखल्याप्रमाणं मी आत्ता साठ वर्षांचा आहे. धाकट्या शेठनं दाखला खरा धरला, कारण त्यावर ठसा मोठा आहे.

भाषण संपवून शेठ माझ्याकडं वळून काहीतरी म्हणाले. ताशे वाजत होते. त्यांच्यामागं चहाचं तबक घेऊन माणूस उभा होता, मला वाटलं चहाचं विचारतात. मी हसून मान डोलावली. सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला. शेठनं पुन्हा काही विचारलं, मला वाटलं साखर किती. मी पाच बोटं दाखवली. (मला गोड चहा आवडतो, गुरुजी.) मग त्यांनी मला मिठीच मारली. दुसऱ्या दिवशी उर्दूत लिहिलेला, शिक्का मारलेला हुकूम हातात आला, की बडे साहेब स्वखुशीनं आणखी पाच वर्षं कारखान्याची सेवा करतील.

तर एवढंच काम आहे. मला माझं खरं वय हवंय. मोठ्या दुष्काळात तू सात वर्षांची होतीस आणि मी पाळण्यात होतो असं तू सांगायचीस. कागदावर लिहून, अंगठा करून पाठव. तब्येतीला जप.

तुझा,
शहादेव

ता. क. हिशेब मी केला आहे, बासष्ट येतात. बासष्ट उपयोगाचे नाहीत. सदुसष्ट लिही.

दुसरी ता. क. तू विचारशील, कावून. शेठला सरळ नाही म्हणायला काय झालं. ताशे वाजत होते हे खरं, पण ते मांडवाच्या त्या टोकाला होते. गेल्या पावसाळ्यापासून मला ऐकू येत नाही. बॉयलरच्या खोलीत चाळीस वर्षं काढली, कान तिथंच राहिले. दसऱ्याला मी मोठ्या इंजिनावर काठी लावली, काहीच आवाज आला नाही, मी म्हणालो ठीक आहे. उत्तरेश्वर नावाचा आमचा फिटर आहे, त्यानं माझ्यामागं जाऊन इंजिन बंद केलं. आतला एक भाग लालभडक झाला होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर तिथल्या चौघांचं काही खरं नव्हतं. त्यानं तो बदलला आणि सगळ्यांना सांगितलं की साहेबांनीच ओळखलं. सत्कारात शेठनं त्याच गोष्टीसाठी माझं कौतुक वाचलं. उत्तरेश्वर समोर बसून टाळ्या वाजवत होता आणि मला मान वर करवेना. वय झालं म्हणून गेलो तर माझी जागा त्याला मिळेल. कान गेले हे सांगितलं, तर दसऱ्याला तो खोटं बोलला हेही सांगावं लागेल.

तिसरी ता. क. (गुरुजी, हे मात्र मोठ्यानं वाचा, सावकाश वाचा.) आक्का, इथून सुटलो की शिरूरला माझं कुणी उरलेलं नाही. तुझ्याकडं उमापूरला येऊन राहू का? म्हशीचं मी बघीन. हो म्हणत असशील तर सदुसष्टच्या खाली फक्त ‘ये’ एवढं लिही.