दुपारच्या गोळीला येणारी बाई

माय, बैहरच्या पुढच्या ज्या सरकारी दवाखान्यात तू सिस्टर होतीस, तिथेच आता मी डॉक्टर आहे. तू गेलीस तेव्हा मी शिकत होते. कॅन्सरच्या दुखण्यावरच्या मॉर्फिनच्या गोळ्या तुझ्या वेळी इथे मिळत नव्हत्या. आता मी त्या लिहून देते आणि दर वेळी हात आखडतो. कमी पडली तर माणूस तडफडतो, जास्त झाली तर झोपेत श्वास घ्यायचं विसरतो.

एक म्हातारी आहे, गालाचा कॅन्सर. मुलाची जंगलखात्यात बदली झाली म्हणून अलीकडेच या भागात आलेली. आमच्याकडचा साठा संपला, तेव्हा तिच्या मुलाला मी चिठ्ठी देऊन बाहेरगावी पाठवलं होतं. पुढे काही निरोप नाही, म्हणून एका दुपारी कुणाला न सांगता त्यांच्या घरी गेले. सून दारातच उभी होती. म्हणाली, "बुढी मघापासून म्हणून राह्यली, डॉक्टरीणबाई येते."

आत म्हातारी गुंगीत पडलेली. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. एक श्वास घ्यायची, मग इतका वेळ काहीच नाही, की मी तिच्या नाकाशी हात धरून बसले.

"गोळ्या किती देता?"

"पहिलेइतक्याच, मॅडम. पण दुपारची बुढी थुकून देते."

पाकीट पाहिलं. गोळीचा रंग तोच, आकार तोच, ताकद तिप्पट. दुपारचीही पोटात जात असती तर ती उठलीच नसती. तिला हलवून जागं केलं. "आजी, दुपारची गोळी काहून थुकता?"

"ते बाई गिळू नाही देत ना," ती जड जिभेनं म्हणाली. "पांढऱ्या लुगड्यातली. सून गोळी देऊन गेली का उशाशी येऊन बसते. म्हणते, जीभ वर कर. मंग बोट घालून काढते. हात कसा थंडागार! आज म्हणे, माही पोरगी येऊन राह्यली, तिले पाकीट दाखवजो."

माय, टीबीच्या पेशंटनं गोळी गिळली की नाही ते बघायला तू हेच म्हणायचीस, 'जीभ वर कर.' तुझ्या टेबलाखाली खेळताना मी ते ऐकत असे. मॉर्फिन जास्त झालं की नसलेली माणसं दिसतात, हे मी शिकलेय. सुनेलाही तेच समजावलं. ती उशाशी बघत म्हणाली, "मले मालूम आहे, मॅडम. पण मी तिथं बसत नाही." उशाजवळची गोधडी कुणी बसल्यासारखी दबलेली होती. मी हात लावला नाही.

जीपमधून म्हातारीला दवाखान्यात आणलं, ऑक्सिजन लावला, गोळ्या थांबवल्या. दुसऱ्या दिवशी ती उठून बसली, पेज मागितली. दुखणं परत डोकं काढू लागलं, तेव्हा बेताचा डोस लिहिला आणि पाकीट कसं वाचायचं ते सुनेला शिकवलं. आता म्हातारीला दुखत नाही फारसं. परवा विचारलं, "बाई येते का?"

"नाही. आता कायले येईन?"

हे तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही, आणि तुला पाठवायला पत्ता नाही. तो बेताचा डोस लिहिताना माझं पेन थांबलं होतं, माय. म्हातारीची काळजी वाटली म्हणून नाही. आकडा कमी केला की तू येणार नाहीस, म्हणून.