साळवे सापडत नाही

१३ जुलै १९९२, सोमवार. धुळे

आज सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, जळगावच्या नर्सिंग कॉलेजात, प्रवेशाच्या दोन नंबरच्या खिडकीवर सुनंदा साळवे हिला "तुमचं नाव नाही" असं सांगून परत पाठवलं. वेळ तिनेच सांगितली. खिडकीच्या वर घड्याळ आहे म्हणे.

नाव होतं. बाहेर भिंतीवर चिकटवलेल्या यादीत होतं. तिने बोट ठेवून दाखवलं. खिडकीतले भाऊ म्हणाले, "कागदावर असेल. कॉम्प्युटरमध्ये नाही." मागे सोनगीरकडची एक बाई उभी होती, तिच्या मुलीचं काम झालं होतं. ती म्हणाली, "बठ्ठास्नं नाव शे, या पोरनंच कसं नही?" सगळ्यांचं आहे, मग हिचंच कसं नाही. बस, एवढंच. तिथे सुनंदाच्या बाजूने बोललेलं हे एकमेव वाक्य.

सुनंदा म्हणजे शेजारच्या कमलची भाची, पहूरची. कमलने सगळी नोकरी दवाखान्यात नर्स म्हणून केली. पोरीलाही तेच व्हायचंय. ती पहूरला न जाता एस.टी.ने थेट इकडे आत्याकडे आली. संध्याकाळी कमल तिला घेऊन माझ्या दारात.

"बाई, तो प्रोग्राम तुमचाच ना?"

प्रोग्राम माझा नाही, तिथल्या भंगाळे सरांचा. त्याच्या खालचा पाया माझा. पण दारात उभ्या असलेल्या रडवेल्या पोरीला हा फरक काय सांगायचा.

२७ तारखेला दुपारी चारनंतर रिकाम्या जागा प्रतीक्षा यादीला देणार. सुनंदाची जागा आता "रिकामी".

१४ जुलै

पब्लिक बूथवरून भंगाळ्यांना फोन. तरुण माणूस, कॉलेजचं कॉम्प्युटरचं सगळं एकटा बघतो. उद्धट नाही, हे मान्य.

"मॅडम, मी स्वतः तपासलंय. माझंच आडनाव यादीत घालून शोधलं. लगेच सापडलं."

"साळवे टाकून बघा."

"ते नाही सापडत. म्हणजे नसणारच."

मग जरा खाकरून: "नाही तर तुमच्या लघुमध्ये काही असेल."

लघुमध्ये. तीन वर्षं खपले तिच्यावर. निवृत्त झाल्यावर शाळेतल्या बाकीच्या बायका भिशीला लागल्या, मी सी भाषेला लागले. यांच्या मशीनला हार्डडिस्क नाही, दोन फ्लॉप्या आणि चिमूटभर मेमरी. कंपायलरबरोबर येणारी लायब्ररी एवढी जाडी की देवनागरी आत घेतली की प्रोग्राम बाहेर. म्हणून मी सगळी नव्याने लिहिली: अक्षरं मोजायची, जोडायची, ताडून बघायची, याद्या लावायच्या, शोधायच्या, छापायच्या. जेवढं लागतं तेवढंच. नाव ठेवलं "लघु". भंगाळे तेव्हा म्हणाले होते, "मॅडम, नाव बदला, पोरं हसतात." हसू देत. मोठ्या लायब्ररीत जे मावत नव्हतं ते हिच्यात मावलं.

पहिल्या वर्षी मराठी अक्षरांचे आकडे उणे निघायचे. इंग्रजी ए ते झेड सगळी अधिक, आणि आमचा क म्हणजे शून्याच्याही खाली. ते दुरुस्त केलं तेव्हा वाटलं होतं, झालं.

१५ जुलै

भिंतीवरच्या यादीची झेरॉक्स सुनंदाने आणली होती. सगळी नावं माझ्या मशीनवर टाकली. सुनंदा वाचत होती, मी टाइप करत होते. तिचं नाव आलं तेव्हा तिने ते हळू वाचलं.

शोधलं. सापडलं. दहा वेळा शोधलं, दहाही वेळा.

"मग तिकडे का नाही?" पोरगी म्हणाली.

कारण तिकडे आहे ती माझी लघु नाही. पुन्हा फोन. भंगाळे म्हणाले, "थोडी दुरुस्ती केली होती, मॅडम. किरकोळ."

मला न विचारता. किरकोळ.

१६ जुलै. जळगाव

सकाळच्या गाडीने गेले. पारोळ्याला गाडी अर्धा तास उभी. पाठ गेली.

भं.नी कागदावर छापून दाखवलं. सगळ्यात वर माझं नाव, पूर्ण, जसं मी लिहिलं होतं तसं. खाली त्यांचं काम. ळ उचलून हच्या पुढे नेऊन ठेवला.

मी म्हणाले, "ळ लच्या शेजारी असतो. कोडच्या तक्त्यात तसाच आहे."

"तक्त्यात असेल. मुळाक्षरांत नाही. मराठीच्या सरांनी यादी बघून मला सगळ्यांसमोर झापलं. श ष स ह ळ क्ष ज्ञ. मॅडम, कॉन्व्हेंटात हे शिकवत नव्हते का?"

नव्हते. सिस्टर मराठीला आठवड्यातून एक तास द्यायच्या आणि त्यातही बहुधा प्रार्थनेचा सराव चालायचा. मुळाक्षरं मी शब्दांमधून वेचून शिकले, रांगेने कधीच नाही. तिथेच भिंतीवर बालवाडीच्या प्रशिक्षणाचा तक्ता होता. ह, मग ळ. माणूस बरोबर होता. मला ते फार लागलं आणि मी ते त्याला सांगितलंही. मी म्हणाले, "ळ तुमचा. पण तुम्ही तो एकाच ठिकाणी हलवलात."

त्याला कळेना. फळीवरच्या बरण्यांवर आले शेवटी. बरण्या तुम्ही नव्या क्रमाने लावल्या. शोधणारा मात्र जुन्याच क्रमाने शोधतोय. माझा शोध पहिल्यापासून एकेक नाव बघत नाही. मधोमध हात घालतो आणि ठरवतो, डावीकडे की उजवीकडे. सावंतवर हात पडला. जुन्या क्रमाने साळवे सावंतच्या आधी, म्हणून तो डावीकडे गेला. तुम्ही साळवे ठेवलीय उजवीकडे. जन्मभर सापडणार नाही.

"मग भंगाळे कसा सापडला?"

"तुमच्या आसपास कोणी नाही म्हणून. यादीत भंगाव नाही, भंगास नाही. तुम्ही एकटेच आहात."

यावर तो हसला. मग हसायचा थांबला आणि म्हणाला, "म्हणजे कोळी? काळे?"

म्हणजे कोळी. कोष्टी आणि कोळी एका यादीत आले की कोळी जाऊ शकतो. माळी वाचली, तिच्या आसपास हात पडला नाही म्हणून. सोनगीरच्या बाईच्या मुलीचं काम झालं, तीही माळी असेल कदाचित.

परतीच्या गाडीत पाट्या वाचत आले. जळगाव. अमळनेर. धुळे. ळ हरवायला याहून वाईट जिल्हे शोधून सापडले नसते.

१८ जुलै

दुरुस्ती झाली. दोन दिवस, पण प्रत्यक्षात चार ओळी. लावणं आणि शोधणं, दोघांना आता एकच तुलना. ती वेगळी करताच येणार नाही अशी आत बांधून टाकली. ळ हच्या पुढे, भंगाळ्यांच्या म्हणण्याप्रमाणे. वर शेरा लिहिला: "ळची जागा भंगाळे यांनी दाखवली." खरं ते खरं.

साळवे सापडते. कोळी, काळे, साळुंखे, सगळे सापडतात. लघु जुन्या लघुपेक्षा थोडी लहानच झाली.

हे कोणाला सांगू? कमलला सांगितलं. ती म्हणाली, "छान झालं. पोरीचं काय झालं?"

२० जुलै. जळगाव

फ्लॉपी घेऊन गेले. घेतली नाही. बाहेरची फ्लॉपी लावायची नाही, व्हायरस येतो, असा नियम आहे. तीन वर्षं माझ्याच बाहेरच्या फ्लॉप्यांवर यांचं काम चाललंय, हे म्हणून झालं.

प्राचार्यांकडे बसवलं. चहा दिला. चहा देतात तेव्हाच ओळखावं.

"उमेदवार त्या दिवशी हजर होती याचा पुरावा?"

"ती खिडकीवर होती."

"मग पावती असेल."

"नाव सापडल्याशिवाय तुमचा कॉम्प्युटर पावती छापत नाही."

"बघा ना. म्हणजे पावती नाही."

भं. कोपऱ्यात उभे. फाइल चाळत. प्राचार्य मला दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "बाहेरच्या व्यक्तीने हौसेने लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर विसंबलो, ही आमचीच चूक. यंदा नवीन घेऊ."

हौसेने.

२२ जुलै

काही केलं नाही. मशीनवरचं कापडसुद्धा काढलं नाही.

एकच विचार डोक्यातून जात नाही. यादीत ळ असलेली सुनंदा काही एकटी नाही. जामनेर, रावेर, अमळनेर, कुठून कुठून आलेल्या. त्यांतल्या कितीजणींना खिडकीतून "नाव नाही" ऐकवलं आणि त्या मुकाट्याने गाडीत बसून घरी गेल्या? तक्रार फक्त एक आली. कॉम्प्युटरने सांगितलं म्हणजे खरं. त्याला जात नाही, गाव नाही, ओळखपाळख नाही, असं आपणच सगळ्यांना सांगत होतो. मी शाळेत सांगत होते. वर्गात. खडू हातात घेऊन.

कमल भाजी निवडत होती. तिला म्हटलं, बाकीच्यांनी का नाही विचारलं?

"त्यांच्या शेजारी तुम्ही नव्हत्या."

ती कौतुकाने म्हणाली. मला मात्र रात्री जेवण गेलं नाही. कारण मी शेजारी असूनही काय झालं?

२३ जुलै

सुनंदा आली. खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी.

"बाई, मी आडनाव साल्वे असं लिहून दिलं तर चालेल का? ल घालून. मग सापडेल ना मी?"

तांत्रिक उत्तर होय असं आहे. सापडेल.

मी म्हणाले, "नाही चालणार. तुझं नाव बरोबर आहे."

"पण आबा म्हणतात, एक अक्षर तर आहे."

आबा म्हणजे तिचे वडील, पहूरला शेतीवर मजुरी करतात. त्यांनी शाळेत घालताना हे नाव मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं होतं, असं कमल सांगते. आता तेच म्हणतात, एक अक्षर तर आहे. या खिडकीने त्या माणसाकडून हे म्हणवून घेतलं. प्राचार्यांना हे लिहून उपयोग नाही. इथे लिहिते.

कमल म्हणाली, "साल्वे म्हणे. उद्या सुई टोचताना पेशंट विचारेल, सिस्टर, कुठल्या तुम्ही? सांग, कॉम्प्युटरच्या."

पोरगी हसली. थोडी. पुसट.

२५ जुलै, शनिवार

भंगाळे आले. धुळ्याला, माझ्या घरी, न कळवता. बरोबर पिशवीभर केळी, रावेरच्या घरची. केळी कमलकडे पाठवली.

माझी फ्लॉपी त्यांनी मागून घेतली आणि इथेच माझ्या मशीनवर स्वतः चालवली. साळवे टाकलं. आलं. पुन्हा टाकलं. पुन्हा आलं. मग कोळी. मग त्यांच्या तोंडून एकच, "देवा."

"हे लिहून द्या," मी म्हणाले. "दुरुस्ती कोणी केली, चूक कुठे झाली, आणि साळवे यादीत होती. तीन वाक्यं."

"मॅडम, तोंडी सांगतो ना. सोमवारी सांगतो सरांना. लिहून नका मागू. अजून कायम नाही झालो मी."

"सुनंदा तरी कुठे कायम आहे?"

त्यांना मूल होणार आहे, सप्टेंबरात. हेही सांगितलं. मला त्यांचा राग यायला हवा होता तेवढा आला नाही, आणि त्याचाच जास्त राग आला. जाताना दारात चपला घालत म्हणाले, "ळचं श्रेय मला नको होतं, मॅडम. तो शेरा काढून टाका."

काढणार नाही. त्यांच्या बाजूने तेवढंच तर आहे.

२६ जुलै, रविवार

आशा नाही. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की बाई भाबडी होती. सोमवारी भं. तोंडी काहीतरी पुटपुटतील, प्राचार्य चहा मागवतील, चार वाजता रिकाम्या जागांची यादी लागेल. नवीन सॉफ्टवेअर येईल. त्यात ळ कुठे असेल ते त्यांना पुढच्या जुलैत कळेल, किंवा कळणारही नाही, कारण पोरी मुकाट्याने घरी जातील.

तरीही पत्र लिहिलं. स्वच्छ अक्षरात, दोन प्रती. उद्या पहिल्या गाडीने कमल आणि सुनंदा घेऊन जातील. फ्लॉपीही. मी म्हटलं मी येते, कमल म्हणाली, "तुम्ही आलात की ते तुमच्याशी भांडतात. पोरीकडे बघतच नाहीत." बरोबर आहे तिचं.

पत्राचा शेवट इथे उतरवून ठेवते:

"सबब, दि. १३ जुलै रोजी सकाळी ११.४० वाजता कु. सुनंदा साळवे यांना ज्या कारणाने परत पाठवले ते कारण खरे होते की खोटे, एवढेच कळवावे. सोबतच्या फ्लॉपीवर त्यांचे नाव आपल्या कोणत्याही कर्मचाऱ्याने शोधावे. आडनावात ळ असलेल्या अन्य सर्व उमेदवारांची नावेही शोधून त्यांना बोलवावे. उत्तर सोमवार, दि. २७ जुलै, दुपारी चारच्या आत, रिकाम्या जागा भरण्यापूर्वी, लेखी, पत्र आणणाऱ्यांच्या हातात द्यावे. तोंडी उत्तर स्वीकारले जाणार नाही. उत्तर मराठीत असावे व उमेदवाराचे आडनाव त्यात पूर्ण असावे. कार्यालयाच्या टाइपरायटरवर ळ नसल्यास तो हाताने घालावा."