पऱ्हाटीवरचे सात सरडे

६ एप्रिल
नात दिपमालाचा अमळनेरच्या कॉलेजातून फोन. गावातले पाली-सरडे ओळखायचे, कसा दिसला, कुठे दिसला ते लिहायचं. कॉलेज त्याचा तक्ता छापणार, त्यावर माहिती देणाऱ्याचं नाव येणार म्हणे. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला विचारूच नको. तिसरी शिकले, पण डोळे पक्के. माझं नाव छापलेलं फक्त मतदार यादीत आहे. तिथे मला पुरुष केलंय.

७ एप्रिल, सकाळ
घरातूनच सुरुवात. पाल : भिंतीवर, ट्यूबलाइटमागे. बोटं चपटी, म्हणून छतावर उलटी चालते. मी लिहीत असताना चुकचुकली. म्हणजे नोंद खरी.
सापसुरळी : पाचोळ्यात. तेल लावल्यासारखी चकाकते, पाय इवलेसे. दिपमाला म्हणे विषारी नसते. मी विश्वास ठेवला, ओट्यावर चढून.

९ एप्रिल
अंगणात चुलीसाठी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीचा ढीग आहे. त्यावर सरडा. मानेवर काटे, शेपूट हातभर. रंग मातकट. जात पहिली. दहा वाजता त्याच काडीवर पिवळसर. जात दुसरी. दुपारी लाल तोंडाचा, गळा कुंकवासारखा. तिसरी! काडी एकच, पण पाळीपाळीने बसतात, भांडण नाही. आमच्या भावकीने शिकावं.

११ एप्रिल
शेजारची सुनंदाबाई कुंपणावरून म्हणे, अक्का, कितला व्हयनात? मी म्हटलं, दोन दिवसांत त्याच काडीवर आणखी चार रंगांचे दिसले, म्हणजे सात जाती. ती म्हणे, माले तर एकच दिसस. म्हटलं, आधी मोतीबिंदू काढ. नाव छापून येणार हे गल्लीत सांगून ठेवलं.

१३ एप्रिल
आज घोरपडीसाठी नाल्यावर जाणार होते. ऊन फार. उद्या.

१४ एप्रिल
उद्या.

१९ एप्रिल, रविवार
दिपमाला आली. सकाळी सातपासून दोघी ढिगासमोर. सरडा काडीवरून हलला नाही. आमच्या डोळ्यांदेखत मातकटाचा पिवळा झाला, पिवळ्याचा लाल. मग त्याने दंडबैठका काढल्या. दिपमाला हसून हसून खाली बसली. एकच शे वं आजी, बठ्ठा एकच! विणीच्या दिवसांत नर असा लाल होतो म्हणे. मेल्याने आधी सांगायचं. तिने सहा जाती खोडल्या. मी म्हटलं, खोड, पण नाव राहू दे. ती म्हणाली, राहील.

२ मे, संध्याकाळ
तक्ता छापून आला. मुलाने, प्रेमराजने, मोठ्याने वाचला. पाल, सरडा, सापसुरळी, सगळं माझंच. कॉलेजच्या सरांनी जागा कमी म्हणून नावं काढली. खाली बारीक अक्षरात : माहिती, एक ग्रामस्थ.
ठीक आहे. ग्रामस्थ म्हणजे मीच. सुनंदाबाईला जाऊन दाखवलं. ती म्हणे, ग्रामस्थ तर मी बी शे.
दुपारपासून तक्ता तिच्याकडे आहे. गल्लीत दाखवत फिरते आहे.