पाकिटं, वही आणि सचिनचं ॲप

केडगाव, नगर
४ मे

प्रिय भिमाताई,

जयभीम. माझं अक्षर बघून घाबरल्या असाल, म्हणून आधीच सांगते, सगळे बरे आहेत. सचिन आणि सूनबाई रश्मी पुण्यात मजेत आहेत, आणि गुडघे सोडले तर मीही ठीक. फोनवर बोलायला गेलं की तुम्ही ‘बरं हाय, ठेवते’ म्हणून मोकळ्या होता आणि मलाही पुढे काही सुचत नाही. म्हणून आज सरळ कागद घेऊन बसले. थोरल्या जावेला घरखर्चाचं विचारायचं, त्यात लाजायचं काय?

तर झालंय असं. हे गेले त्याला नऊ महिने झाले. घरातला पैसा सगळा यांच्या हातात असायचा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दुधाच्या पिशवीलासुद्धा मी यांच्यापुढे हात करायचे आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. आता यांची निम्मी पेन्शन माझ्या नावावर येते. सचिन म्हणतो, आई, एवढ्यात तुझं एकटीचं भागायचं नाही, घर भाड्याने देऊ आणि तू पुण्याला ये. मी म्हटलं, भागवून दाखवते. त्याने जूनअखेरपर्यंत मुदत दिलीय. तोवर माझं महिन्याचं बजेट बसलं तर मी माझ्या घरात, नाही बसलं तर त्याच्या चौथ्या मजल्यावर. पोरगा वाईट नाही, काळजीपोटी बोलतो. पण मला इथून हलायचं नाही, ताई. या घराच्या भिंतींवर मी स्वतः पाणी मारलंय.

आता बजेट बसवायचं कसं, तर जो भेटेल तो वेगळंच सांगतो. सचिनने मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं. त्यात पैशाचे तीन भाग करायचे. निम्मा गरजेला, थोडा शिलकीला, बाकीचा हौसेला. ऐकायला सोपं वाटतं. पण गरज कुठली न् हौस कुठली हे ते ॲप सांगत नाही, ते आपणच टाकायचं. मी सकाळचा चहा गरजेत टाकला आणि दुपारचा हौसेत. चपला तुटल्या, त्या गरजेत. पण कापड बाजारात जाऊन जरा बऱ्या घेतल्या, मग वरचे दोनशे कुठे टाकायचे? ऑगस्टमध्ये यांचा पहिला स्मृतिदिन येतोय. भंतेजींना बोलवायचं, चार माणसांना जेवू घालायचं. ते गरज की हौस? मी बोट तसंच वर धरून बसले आणि मोबाईल विझून गेला. त्या दिवशी मला फार रडू आलं.

मग आमच्या बचत गटाच्या पंकजाताई म्हणाल्या, ॲप-बिप सोड, पाकिटं कर. एक तारखेला पैसे काढायचे आणि किराणा, भाजी, गॅस, औषधं अशी वेगवेगळी पाकिटं भरायची. पाकीट रिकामं झालं की खर्च बंद. मी लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं काढली, वर नावं लिहिली, कपाटात ओळीने लावली. बारा तारखेला गॅस संपला आणि गॅसच्या पाकिटात पैसे कमी. भाजीच्या पाकिटातून घेतले आणि आत चिठ्ठी टाकली, ‘गॅसकडून येणे दीडशे’. मग भाजीने औषधाकडून घेतले. पंधरवड्यात पैशांपेक्षा चिठ्ठ्याच जास्त झाल्या. कोणतं पाकीट कोणाचं देणं लागतं, हे माझं मलाच कळेना.

तिसरी यांची वही. हे रोज झोपायच्या आधी दिवसाचा खर्च लिहायचे, एका ओळीत. तीही मी सोडली नाही, कारण बंद केली तर बरं दिसणार नाही असं वाटलं. कोणाला बरं दिसणार नाही, ते विचारू नका. आणि माझं डोकं बघा, तिन्ही पद्धती एकदमच चालवल्या. पाकिटात पैसे घातले की ॲपमध्ये खर्च टाकायचा. पाकिटातून काढून दूधवाल्याला दिले की पुन्हा टाकायचा. वहीत लिहून झालं की वहीवरून तिसऱ्यांदा. एप्रिलच्या शेवटी ॲप सगळं लालभडक झालं. ते तिकडे सचिनलाही दिसतं. त्याचा फोन आला, आई, अगं तू एकटी एवढ्या दुधाचं करतेस काय, डेअरी काढलीस का? पुढे हसायचा थांबला आणि म्हणाला, बघ, म्हणूनच म्हणतो पुण्याला ये.

तेव्हा मला तुमची पद्धत आठवली. पुणतांब्याला आपली चूल एक होती तेव्हा दोघा भावांचे पैसे तुमच्या पदरात पडायचे. पण एक तारखेला तुम्ही त्याला हात लावायच्या नाहीत. आधी मला समोर बसवायच्या आणि माणसं मोजायच्या. या महिन्यात कोण आजारी, कोण पाहुणं येणार, कोणाला जास्त लागणार. ‘भारते, आदी मानसं मोजावी, पैसं काय पळून चाललं न्हाईत,’ असं म्हणायच्या. मला तेव्हा वैताग यायचा. पण अकरा वर्षांत आपल्या घरात महिनाअखेरीला पीठ उसनं आणलेलं मला आठवत नाही.

त्याच मोजण्यावरून मी भांडले, ताई. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, म्हणून त्या महिन्यात तुम्ही त्यांचं दूध वाढवलं आणि सचिनचं एक कप कमी केलं. एक कप. आणि मी चुलीपुढे उभी राहून म्हणाले की तुम्हाला पोर ना बाळ, तुम्हाला काय कळणार. सचिनला तुमच्या मांडीवर झोपायची सवय होती. तो तुम्हाला मोठी आई म्हणायचा. तुम्ही भाकरी थापत राहिलात. आठ दिवसांत तवे वेगळे झाले आणि वर्षाच्या आत मी यांना घेऊन नगरला आले. थोरले भाऊजी गेले तेव्हा मी तुमच्या गळ्यात पडून रडले, पण त्या बोलण्याची माफी तेव्हाही मागितली नाही. आज मागते. सव्वीस वर्षं उशीर झालाय, पण मागते.

या एक तारखेला तुमच्यासारखी बसले आणि माणसं मोजली. एक भरलं आणि पुढे काय मोजायचं तेच कळेना. तेवढ्यात सचिनचा फोन आला. तो ॲप पुसून नव्याने भरून देत होता, आणि पहिलाच प्रश्न होता, घरात माणसं किती. मी पटकन दोन म्हणाले. तेव्हा तो हळूच म्हणाला, आई, पप्पा आता नाहीत गं. मला त्याला पुढे सांगता आलं नाही. मी यांना धरलं नव्हतं, ताई, तुम्हाला धरलं होतं. तुम्ही तिकडे एकट्या, मी इकडे एकटी. यांची खोली पुसून ठेवलीय, उन्हं सकाळी तिथेच येतात. आईला वाईट वाटू नये म्हणून सचिनने दोनाचा आकडा तसाच ठेवलाय. तो चुकीचा आहे की बरोबर, ते मला येऊन सांगा.

तुमचीच,
भारती