पाहुण्यासाठी ठेवलेला हीटर

तीर्थरूप आईस, गारठलेल्या हातांनी नमस्कार.

मी ठीक आहे. दिवसभर लोकांच्या घरी हीटर बसवतो, तेवढीच ऊब मिळते. खोलीवर कोट घालूनच झोपतो, सवय झालीय.

बाबांचा खोकला कसा आहे? धाकटीने कळवलं, ते दोन स्वेटर घालून कुडकुडतात आणि मी पाठवलेला हीटर बैठकीत भरतकामाच्या रुमालाखाली बसलाय. कमाल आहे तुझी! शोभेला पाठवला होता का?

पाहुणा आल्यावर लावायचा म्हणे. कोण पाहुणा, असं धाकटीने विचारलं तर तू माझं नाव घेतलंस. पोटचा पोरगा पाहुणा कधीपासून झाला गं?

असो. यंदाही सुट्टी नाकारली. पाहुणा येणार नाही. रुमाल काढ आणि आजच हीटर लाव.

तुझा थोरला