ट्रिमची मोटर बिघडूच शकत नाही

३ फेब्रुवारी
मी बांधलेलं विमान तयार! बायकोची, थेल्माची गाडी इतके दिवस गॅरेजबाहेर पावसात उभी राहिली, त्याचं चीज झालं. ट्रिम इलेक्ट्रिक. विमान चालवायच्या दांड्यावर अंगठ्याजवळ बटण. दाबलं की मोटर विमानाचं नाक वर किंवा खाली धरून ठेवते, हात दुखत नाही. फ्लाइंग क्लबची तपासनीस केरिन डूलन म्हणाली, मोटर चालूच राहिली तर? म्हटलं, नवी आहे. म्हणे, "मास्तर, सगळ्याच मोटरी कधीतरी नव्या असतात." रिटायर झालो तरी हेडमास्तर म्हणायला हिचं काय जातं?

८ फेब्रुवारी
केरिनचा हट्ट: मोटर बंद करणारा ब्रेकर माझ्या हाताशी हवा. मी डावीकडे बसून चालवतो, तो उजव्या सीटसमोर लावलाय. डावीकडे लावला की पॅनेल विद्रूप दिसतं. असो. संकल्प: उद्या हलवायचा.

९ फेब्रुवारी
ऊन फार. नाही हलवला.

२० फेब्रुवारी
चाचणी उड्डाणांचे तास संपले. ट्रिम लोण्यासारखं. केरिन म्हणते, एकदा मुद्दाम ट्रिम पूर्ण खाली नेऊन बघा दांडा किती जड होतो, आणि तसं झालंच तर वेग कमी करा. आपणच आपल्या पायावर धोंडा कशाला? त्याऐवजी हाताला ताकद यावी म्हणून रोज पाण्याची बादली उचलतो. (कालपासून. आज पाठ धरलीय.)
मेहुणी डल्सीची सत्तरी, समुद्रापलीकडे टास्मानिया बेटावर. थेल्मा म्हणाली, आधी एक फेरी मारू. घाबरले नाही तर विमानाने, नाहीतर बोटीने. लग्नापासून ती माझ्या कुठल्याही यंत्रात बसलेली नाही. खरं तर तिच्यासाठीच बांधलं हे.

२ मार्च, सकाळी
थेल्माने लिपस्टिक लावलीय! आज इतिहास.

२ मार्च, दुपारी
मोटर बिघडली. नाक आपोआप खाली. पकड घट्ट केली, दोन्ही हातांनी ओढलं. जितकं ओढावं तितकं खालीच. आधी मेंढ्या दिसल्या, मग त्यांचे चेहरे. थेल्माने ब्रेकर खेचला. (दूरदृष्टीने तिच्यासमोर कोणी लावला होता?) मग शांतपणे म्हणाली, "नेव्हिल, वेग कमी कर. आणि त्या बटणावरचा अंगठा काढ."
उतरलो. केरिनने तिला चहा पिता पिता सगळं शिकवून ठेवलं होतं म्हणे. मला न विचारता.

५ मार्च
केरिनने मोटर तपासली. ठणठणीत. अंगठ्याची अफवा क्लबभर. बटण आणि ब्रेकर दोन्ही तिनेच हलवले. पॅनेलची शोभा गेली. थेल्माला धीर करून विचारलं, घाबरलीस? म्हणाली, विमानाला नाही, विमान झकास आहे. जिंकलो! विमानानेच जायचं.

१४ मार्च, बोटीवर
थेल्मा विमानाने गेली. चालवायला केरिन. सीटा दोनच. शिवाय केक कोणीतरी न्यायलाच हवा होता.
मघाशी माझं विमान डोक्यावरून गेलं. काय सरळ चाललं होतं! हात हलवला. शेजारच्या बाईंना सांगितलं, हे मी बांधलंय. त्या म्हणाल्या, मग तुम्ही बोटीत कसे?
वारा फार होता. आत येऊन बसलो.